नवं पाणी जिथनं येतं

आषाढातल्या मंगळवारी नाहीतर शुक्रवारी गल्लीच्या तोंडाला पी-ढबाक वाजायला लागलं की माझा चहा तसाच निवतो. पी-ढबाक म्हणजे पिपाणीची पी आणि ढोलाचं ढबाक, त्यात दुसरं काही नाही. पण कोल्हापूरच्या माणसाला ते ऐकून घरात बसवत नाही. पुढं वाजंत्री, मागं डोक्यावर घागरी घेतलेल्या पोरी, त्यांच्या मागं सगळी गल्ली. नदीला नवं पाणी आलं की ते वाजतगाजत त्र्यंबोलीच्या टेकडीवर न्यायचं, देवीच्या पायरीवर घालायचं आणि मगच आपण पोटभर जेवायचं, ही आमची रीत. मी मंगळवार पेठेत जन्मलो, एस.टी.च्या स्टेअरिंगवर हयात काढली आणि आषाढात ड्युटी बदलून घेतली पण ही मिरवणूक सोडली नाही. तरी खरं सांगतो, ते पाणी येतं कुठनं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नदीला येतं. संपला विषय.

हा प्रश्न आमच्या घरात आणला सुजातानं. सुजाता ही आमची सून, सागरची बायको. राधानगरी ओलांडून, धरणाच्या पाण्याला वळसा घालून वर चढत गेलं की जिथं घरं थोडी आणि पाऊस फार, तिथल्या एका वाडीची. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आषाढात ती गच्चीवरनं मिरवणूक बघत होती आणि एकदम खुदकन हसली. माझी बायको पार्वती म्हणाली, "काय झालं गं हसायला?"

"काय न्हाय आत्ती. त्या घागरीतलं पाणी आमच्या परड्याकडनं आलंय. तिथं आमी त्यात म्हसरं धुतो, आन हितं डोक्यावर घेऊन नाचत्यात."

पार्वतीला रागवावं की हसावं कळेना. मला मात्र ते बोलणं लागलं, आणि आवडलंही. एवढ्याशा पोरीनं अख्ख्या कोल्हापूरची देवपूजा एका वाक्यात माहेरी नेऊन ठेवली होती.

मग पेठेनं तिला सोडलं नाही. पाऊस लागून राहिला आणि धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की येणारा-जाणारा आमच्या दारात थांबून ओरडायचा, "काय सुजाता, सोडलं बघ तुझ्या माहेरानं पाणी आमच्या अंगावर!" ती भांडी घासता घासता तिथनंच म्हणायची, "मग मे महिन्यात पिताय ते कुणाचं?" आमच्या पेठेत उत्तर देणाऱ्या माणसाला मान आहे. पण तो गमतीतला मान. बाकी सगळ्यांच्या लेखी ती डोंगरातली, जळवांच्या मुलखातली पोर. पुण्या-मुंबईची सून आणली की पेठ चहाला येते, डोंगरातली आणली की चौकशीला येते. सुजाताला हे कळत नव्हतं असं नाही.

मी सांगतोय ती गोष्ट त्यानंतर काही वर्षांनी आलेल्या श्रावणाची. वनखात्यानं वाटाड्यांसाठी शिबिर घेतलं होतं, ते सुजातानं माहेरी राहून पुरं केलं आणि एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "मला सहली न्यायच्यात. सकाळी पेठेतनं निघायचं, धरणाचं पाणी, वरलं तळं, धबधबं दाखवायचं, दिवस मावळायला परत." सागर फौंड्रीत कामाला, तो घास चावत मान हलवत होता, म्हणजे नवरा-बायकोचं आधीच ठरलेलं होतं. पार्वतीचा हात थांबला.

"सून गाडीत पुढं उभी ऱ्हाऊन बोलणार, आन पेठेतलं बापय मागं बसून ऐकणार? कोण ऐकणार गं तुझं?"

तो प्रश्न दुष्टाव्याचा नव्हता. पार्वती पेठेला माझ्यापेक्षा जास्त ओळखते. कोल्हापूरचा माणूस देवाचं ऐकतो, वस्तादाचं ऐकतो, भूक लागली तर बायकोचंही ऐकतो. पण डोंगरात जाऊन पाण्याच्या काठावर उभा राहिला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही, आणि इथं तर सुनेचं ऐकायचं होतं. शेवटी पार्वतीनं अट घातली. एक सहल करायची. नेलेली माणसं धडधाकट परत आणायची. एकाचं जरी बरंवाईट झालं तरी पुन्हा त्या कामाचं नाव काढायचं नाही. सुजाता "व्हय आत्ती" म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली.

पहिल्या गाडीला माणसं गल्लीतलीच. शेजारच्या नंदावहिनी, त्यांच्या भिशीतल्या बायका, तालमीतले आम्ही म्हातारे, आणि बापू.

बापूविषयी सांगायलाच पाहिजे. बापू माझा लंगोटीयार. तालमीत लाल मातीत आम्ही बरोबर लोळलो. पण बापूचं नाव कुस्तीनं झालं नाही, पुरानं झालं. पंचगंगेला पूर आला की पुलावरनं उडी घेणं हे आमच्याकडचं जुनं खूळ आहे. पोलीस एका बाजूला काठी आपटत उभे राहतात, पोरं दुसऱ्या बाजूनं झोकून देतात. बापू कठड्यावर उभा राहून आधी शड्डू ठोकायचा, सगळा पूल आपल्याकडं बघतोय याची खात्री करून घ्यायचा आणि मग जायचा. पार खाली वाहत जाऊन घाटाला लागायचा आणि ओल्या अंगानं पेठेतनं चालत यायचा. वय झालं, केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, पण पूर आला की आजही लोक म्हणतात, "बापूसारखी उडी कुणी मारली न्हाय." त्या एका वाक्यावर माणूस जगतो. मी थट्टा करत नाही. आपण सगळेच अशा एखाद्या वाक्यावर जगतो.

त्या बापूनं सहलीच्या आदल्या दिवशी तालमीच्या कट्ट्यावर पोरांपुढं जाहीर करून टाकलं, "शामाच्या सुनंच्या गावात थोरलं पाणी हाय म्हणं. उद्या त्यात उडी मारूनच येतो का न्हाय बघा!" शामा म्हणजे मी. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आमच्याकडं कट्ट्यावर बोललेला शब्द म्हणजे बोहल्यावर चढणं. मागं फिरता येत नाही.

श्रावण असल्यामुळं मटण नाही, आणि मटण नाही म्हटल्यावर निम्म्या म्हाताऱ्यांना ही सहल आहे की दिंडी असा प्रश्न पडलेला. "पांढऱ्या रश्शाबिगर पाणी बघायचं म्हंजे काय लगा," असं म्हणत एकेकजण गाडीत चढला. मी सवयीनं ड्रायव्हरच्या शेजारी बसायला गेलो. सुजाता म्हणाली, "मामा, तुमी मागं. हितं बसलासा की त्येला गाडी शिकवत बसणार." सगळी गाडी हसली. मी तोंड वाकडं करून मागं गेलो. पोरगी बोलली ते खरंच होतं. तो ड्रायव्हर ज्या पद्धतीनं गिअर टाकत होता ते बघून माझा डावा पाय राधानगरीपर्यंत शिवशिवत होता.

भोगावतीच्या काठानं रस्ता जातो. दोन्ही बाजूंना उभा ऊस, पाऊस पिऊन काळसर हिरवा झालेला, आणि मधेच एखाद्या गोठ्यातनं ओल्या शेणाचा आणि धुराचा वास. या रस्त्यावरनं मी किती वर्षं एस.टी. हाकली त्याला हिशेब नाही. पण ड्रायव्हरला रस्ता दिसतो, मुलूख दिसत नाही. खड्डा, वळण, समोरचा ट्रक, थांब्यावरची म्हातारी, एवढंच आमचं निसर्गसौंदर्य. त्या दिवशी पहिल्यांदा मी खिडकीला टेकून बसलो आणि ऊस संपून भात कुठं सुरू होतो ते पाहिलं. भात संपून नाचणी कुठं सुरू होते ते पाहिलं. सुजाता गाडीत उभी राहून सांगत होती, एका हातानं दांडा धरून. सुरुवातीला तिचा आवाज गाडीच्या आवाजात बुडत होता. बायका आपसात बोलत होत्या, बापू मागं बसून भजी खात होता. धरण जवळ आलं तसं एकेकाचं तोंड बंद होत गेलं.

धरणावर पोचलो तेव्हा समोर काहीच नव्हतं. नुसतं पांढरं. नंदावहिनी म्हणाल्या, "ह्ये बघायला आणलंस व्हय गं? धुकं तर आमच्या गच्चीवरनंबी दिसतंय." सुजाता म्हणाली, "जरा थांबा." कोल्हापूरच्या माणसाला थांबायला सांगणं म्हणजे मारक्या म्हशीला शिंगं आवरायला सांगणं. तरी थांबलो. आणि मग वारा सुटला. धुकं एका बाजूनं उचलत गेलं आणि खालनं पाणी निघालं. लांब, रुंद, डोंगराच्या घळी-घळीत शिरलेलं, गप्प पाणी. त्याला आवाज नव्हता. आपल्या महाराजांनी बांधलेलं धरण आहे हे शाळेत वाचलेलं, भाषणात ऐकलेलं. पण त्याच्या काठावर उभा राहून छाती भरून येणं वेगळं. नंदावहिनींनी चपला काढल्या. त्यांचं बघून बाकीच्या बायकांनी काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

"ह्योच व्हय गं आपला नळ?" वहिनींनी विचारलं.

"ह्योच. आन ह्येच नवं पाणी, वहिनी. तुमी टेकडीवर नेता ते."

तिथं मी सुजाताकडं पाहिलं. पदरची वस्तू पाहुण्यापुढं मांडताना बाईच्या तोंडावर येतो तसा भाव तिच्या तोंडावर होता. तिला ते पाणी नुसतं दाखवायचं नव्हतं. तिला सांगायचं होतं की तुम्ही ज्याला जळवांचा मुलूख म्हणता तिथं तुमची आई आहे. हे मला तेव्हा इतक्या शब्दांत सुचलं नव्हतं. आत्ता लिहिताना सुचतंय.

वरच्या तळ्याकडं जाताना तिनं सगळ्यांना मिठाच्या पुरचुंड्या वाटल्या. जळू लागली की ओढायची नाही, मीठ लावायचं. बापूनं पुरचुंडी घेतली नाही. "आमाला कसली जळू लागती!" म्हणाला, आणि तळ्यावर पोचलो तर त्याच्या दंडावर, जिथं त्यानं तरुणपणी बेटकुळी काढून दाखवली असेल तिथंच, टम्म फुगलेली जळू. सुजातानं मीठ लावलं. तळं लहानसंच होतं, झाडांच्या आत लपलेलं. त्यात आभाळ पडलं होतं आणि काठाला तेरडा नुकता उमलायला लागला होता. दुपारी तिच्या वाडीत नाचणीची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि लाल ठेचा. मटण नाही म्हणून हळहळणारे म्हातारे तिसऱ्या भाकरीला हात घालत होते. तिची आई दारात उभी राहून लेकीला बघत होती. लेक कुणाला पाणी दे, कुणाला हात धरून उतरव, अशी फिरत होती. आईकडं बघायला तिला फुरसत नव्हती.

आता दर शनिवार-रविवारी तिची गाडी जाते. पुण्याची, बेळगावची, लांबलांबची माणसं येतात. तेव्हा एवढी गर्दी नव्हती. त्या दिवशी थोरल्या पाण्यावर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

थोरलं पाणी हे त्या वाडीच्या धबधब्याचं नाव. दिसायच्या आधी ऐकू येतं, ऐकू यायच्या आधी पायाखालच्या जमिनीत कळतं. वळण घेतलं आणि समोर कड्यावरनं सगळा डोंगरच खाली येत होता. खाली डोह, गढूळ, फेसाळ, जागच्या जागी गरगरणारा. तुषारांनी डोळे उघडत नव्हते. आम्ही सगळे एका मोठ्या पालथ्या धोंड्याच्या अलीकडं उभे राहिलो, कारण सुजातानं तिथपर्यंतच जायचं म्हणून सांगितलं होतं.

बापू धोंड्यावर चढला. सदरा काढला. घडी घातली. बनियन काढलं. पोरांनी उडीचा व्हिडिओ मोबाईलवर घेऊन ये म्हणून सांगितलेलं, म्हणून एका म्हाताऱ्याच्या हातात मोबाईल दिला. आणि तसाच शड्डू ठोकला. त्या पाण्याच्या आवाजातही तो ऐकू आला.

"बापू, कापडं घाला. हितं उतरायचं न्हाय." सुजाता धोंड्यावर त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली होती.

"आगं पोरी, पंचगंगा पालथी घातलीया म्या. ह्ये तर डबकं हाय."

"पंचगंगा माणसाला पुढं नेऊन सोडती. ह्ये पाणी खाली वडतं आन ठिवून घेतं."

"ठिवू दे की! आता कुणाला पायजे मी?" बापू हसला. दोघं-तिघं हसले. मग तो माझ्याकडं वळला, "शामा, सांग की तुझ्या सुनंला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी एक शब्द बोललो असतो तर बापूनं ऐकलं असतं. तो माझं ऐकतो, बालपणापासनं ऐकतो. माझ्या तोंडात शिवी तयारच होती, "उतर खाली, बेण्या!" एवढं म्हटलं की काम होत होतं. मी तोंड उघडलं, आणि सुजातानं माझ्याकडं न बघता हात वर केला.

"मामा, तुमी नगा बोलू."

मी गप्प झालो. आयुष्यात मला असं कुणी गप्प केलं नव्हतं. डेपो मॅनेजरची छाती झाली नव्हती. पण त्याच क्षणी मला कळलं की मी बोललो असतो तर बापू वाचला असता आणि सुजाता बुडाली असती. मग गाडी माझी, माणसं माझी, शब्द माझा. ती नुसती पुढं उभी राहणारी सून. तिला ते माझ्याआधी कळलं होतं.

"बापू," ती म्हणाली, "पेठेत तुमी माझ्या सासऱ्याचं दोस्त. तिथं मी तुमच्या पाया पडणार. हितं तुमी माझ्या गाडीतलं माणूस. जेवढी आणलीत तेवढी घरला नेणार."

"आन म्या उडी मारलीच तर?"

तिनं पायातल्या चपला काढून बाजूला सरकवल्या. ओढणी कमरेला गुंडाळून गाठ मारली.

"तर तुमच्या मागनं मीबी मारणार."

"पवायला येतं का तुला?"

"न्हाय."

एवढंच. ओरडून नाही, रडून नाही. भाव विचारल्यावर भाव सांगावा तसं. ती काठाच्या इतकी जवळ उभी होती की तिच्या पावलांवरनं पाणी जात होतं. बापू तिच्या तोंडाकडं बघत होता. मी बापूच्या पाठीकडं बघत होतो. मग बापू वाकला, सदरा उचलला आणि घातला. उलटा घातला. कुणी सांगितलं नाही. परतीच्या वाटेभर तो तसाच उलट्या सदऱ्यानं बसून होता. सुजाता सगळ्यांना ओल्या पायांसाठी कोरडी फडकी देत फिरत होती. बापूलाही दिलं. त्यानं घेतलं.

आमच्या पेठेत कौतुक तोंडावर करायची पद्धत नाही. शिव्या घालून करतात, नाहीतर पाठीमागं करतात. त्यामुळं आज इतक्या वर्षांनी मी हे उघड उघड लिहितोय म्हटल्यावर कट्ट्यावर माझी हजेरी घेतली जाणार हे नक्की. घ्या खुशाल. मला त्या पोरीचा अभिमान आहे. माझ्या घरात पैलवान झाले, एकदा सगळ्या डिव्हिजनमध्ये पहिला आलेला ड्रायव्हर झाला, म्हणजे मीच. पण थोरल्या पाण्यावर उभं राहून छाती भरून यावी असं कुणी काही केलं नव्हतं.

गाडी पेठेत पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. तालमीच्या कट्ट्यावर पोरं वाटच बघत होती. बापू उतरल्या उतरल्या ओरडा झाला.

"काय बापू, मारली का उडी?"

"न्हाय."

"का? पाणी कमी हुतं व्हय?"

"पाणी रग्गड हुतं."

"मग? भ्यालासा काय?"

हा शब्द बापूपुढं उच्चारायचा नसतो हे त्या पोरांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्या शब्दासाठी बापूनं एकाला कट्ट्यावरनं उचलून खाली टाकलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. मी दोन पावलं पुढं झालो. गाडीतनं उतरणाऱ्या बायका जागच्या जागी थांबल्या. सुजाता गाडीच्या दारात उभी होती.

"व्हय," बापू म्हणाला. "भ्यालो. ती पोरगी माझ्या मागनं उडी टाकणार हुती, आन तिला पवायला येत न्हाय."

कुणी हसलं नाही. बापू तसाच घराकडं निघाला. जाता जाता थांबून गाडीकडं वळला आणि सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "पुढली गाडी कवा हाय गं? माझ्या नातीला न्यायची हाय."

सगळी माणसं आपापल्या घरी गेल्यावर मी आणि सुजाता गल्लीतनं चालत निघालो. पाऊस थांबलेला, गटारं भरून वाहत होती. मी बराच वेळ विचारू की नको करत होतो. शेवटी विचारलं, "पोरी, खरंच मारली असतीस उडी?"

ती माझ्याकडं बघतच राहिली, मी काय खुळ्यासारखं विचारतोय अशी.

"मग काय मामा? बापूस्नी तिथं ठिवून घरला कसं यायचं? सगळ्यास्नी आणणार म्हणलं हुतं की."

हयातभर मी माणसं घरी पोचवली. घाटातनं, पुरातनं, रात्रीबेरात्री. त्याचा मला गर्व होता आणि अजून आहे. पण त्यातल्या एखाद्याच्या मागं उडी टाकायची तयारी ठेवून मी कधी स्टेअरिंगवर बसलो नव्हतो.

दारात पार्वती उभी होती. सगळी आली का, असं तिनं विचारलं नाही. पेठेत बातमीला पाय लागत नाहीत, ती आमच्या आधीच पोचली होती. पार्वतीच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि पाण्यानं भरलेला तांब्या. कुस्ती मारून आलेल्या पैलवानावरनं आमच्याकडं असा तुकडा ओवाळून टाकतात. सुनेवरनं ओवाळलेला मी कधी बघितला नव्हता. पार्वतीनं तो सुजाताच्या तोंडावरनं तीनदा फिरवला, रस्त्यावर टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं. उंबऱ्यापाशी सवयीनं सुजाता बाजूला झाली, सासऱ्याला आधी जाऊ द्यायला. मी थांबलो. म्हटलं, "तू हो पुढं." ती गेली, आणि मग मी तिच्या मागनं घरात शिरलो.